मदत हवी आहे: ‘सेन्स’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?
नमस्कार मंडळी, लेक नववीत आहे, तिला इंग्रजीच्या प्रोजेक्टला ‘सेन्स’ हा शब्द मिळालाय आणि कालपासून मीच त्यात अडकलेय. मूळ लॅटिन ‘सेन्टिरे’, म्हणजे जाणवणं, सेंटिमेंट, कन्सेंट, अगदी सेंटेन्ससुद्धा त्याच घरातले, इथपर्यंत ठीक. पण पाच सेन्स म्हणजे ज्ञानेंद्रियं, कॉमन सेन्स म्हणजे व्यवहारज्ञान (ते पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये शोधू नका), आणि ‘मेक्स सेन्स’ला आपण नुसतं ‘पटतंय’ म्हणून मोकळे! अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या डिक्शनरीत तर अर्थांची रांगच लागलीय. जाण, भान, संवेदना यातलं सगळ्यात जवळचं कुठलं? आणि ‘जाणवणं’चा ‘अर्थ’ कसा झाला हे कुणी सोप्पं करून सांगेल का प्लीज? शुक्रवारी द्यायचंय.