मॅग्मा घुसला तिथे सोनं कसं काय तयार होतं?

कुतूहल
सोन्याच्या खाणींबद्दल कुठेही वाचलं की एक वाक्य हमखास येतं, अमुक कोटी वर्षांपूर्वी खालून मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) घुसला आणि त्यामुळे इथे सोनं आलं. पण नेमकं झालं काय? मॅग्मात वितळलेलं सोनं होतं आणि थंड झाल्यावर तिथेच राहिलं, असं का? मग जगात एवढा ग्रॅनाइट आहे, तोही कधीकाळी मॅग्माच होता की, त्यात का नाही सोनं? आणि ते पांढऱ्या क्वार्ट्झच्या शिरांमध्येच का सापडतं? कुणीतरी नीट समजावा प्लीज.

खडकवेडा
मॅग्मात सोनं असतं पण अगदी नगण्य, टनाला काही मिलिग्रॅम फक्त. खाण परवडायची तर टनामागे साधारण ग्रॅमभर तरी लागतं, म्हणजे शेकडो पटीने गोळा व्हायला हवं. आणि हे गोळा करायचं काम मुख्यतः पाणी करतं, बहुतेक लेखांत नेमकं हेच राहून जातं!

सबडक्शन झोनमध्ये, म्हणजे एक प्लेट दुसरीखाली सरकते तिथे, समुद्राखालची प्लेट खाली जाताना पाणी घेऊन जाते, त्यामुळे तिथल्या मॅग्मात वजनाच्या 4-5 टक्के पाणी विरघळलेलं असू शकतं. हा मॅग्मा वर येऊन जमिनीखाली काही किलोमीटरवर अडकला की स्फटिक बनायला लागतात, पण फेल्डस्पार, क्वार्ट्झ या खनिजांच्या स्फटिकांत पाण्याला, क्लोरीनला, गंधकाला जवळजवळ जागाच नसते, मग मिठाचं पाणी गोठताना मीठ जसं उरलेल्या पाण्यात साचत जातं तसं हे सगळं उरलेल्या रसात साचत जातं आणि शेवटी ते पाणी वेगळं होऊन दाबाने वरचा दगड फोडत भेगांमध्ये शिरतं. साध्या पाण्यात सोनं विरघळत नाही, पण या तापलेल्या पाण्यात ते गंधकाशी जोडलं जाऊन विरघळतं, पाणी खूपच गरम असेल तर क्लोरीनशीही. पुढे पाणी निवलं, उकळलं किंवा आजूबाजूच्या दगडाने त्यातलं गंधक ओढून घेतलं की सोनं पाण्यातून सुटून तिथेच जमतं. सिलिकाही (क्वार्ट्झ जिचं बनतं ती) त्याच पाण्यातून आलेली असते, ती भेगेत जमते तीच तुमची पांढरी शीर.

मीरा_भूशास्त्र
खडकवेडा यांनी छान लिहिलंय. ग्रॅनाइटचं उत्तर मी देते. एक तर सगळ्या मॅग्मात पुरेसं पाणी नसतं. दुसरं, मॅग्मा खोलवर असतानाच त्यात सल्फाइडचे (गंधक आणि धातूंच्या संयुगाचे) थेंब वेगळे झाले तर सोनं त्यांच्यात ओढलं जातं आणि खालीच राहतं, वर येणाऱ्या मॅग्मात फारसं उरतच नाही. मॅग्मात ऑक्सिजन जास्त असेल तर गंधक ऑक्सिजनशी जोडलेल्या सल्फेटच्या रूपात राहतं, थेंब लवकर बनत नाहीत आणि सोनं वरपर्यंत येतं. इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीतला साठा (तांबं आणि सोनं एकत्र, वय फक्त 30 लाख वर्षांच्या आसपास) अशाच मॅग्मातला. अर्थात हा काही पक्का नियम नाही, अलास्कातल्या फोर्ट नॉक्स खाणीचा ग्रॅनाइट कमी ऑक्सिजनवाला आहे तरी त्याच्या बारीक शिरांत सोनं आहेच, तांबं मात्र जवळजवळ नाही.

कुतूहल
वा, आता कळलं. पण हे सगळं फक्त जुन्या काळातलंच का? आज कुठे होतंय का असं?

खडकवेडा
होतंय ना! पापुआ न्यू गिनीतलं लिहिर बेट बघा. तिथे ज्वालामुखीची एक बाजू कोसळली, खालचा दाब एकदम कमी झाला, गरम पाणी उकळलं आणि सोनं सुटलं. 2006 मध्ये संशोधकांनी तिथे किलोमीटरभराहून खोलचं पाणी तपासलं, तर वर्षाला साधारण 24 किलो सोनं वर येत असावं असा हिशोब निघाला. त्या वेगाने तिथला अख्खा साठा जमायला सुमारे 55,000 वर्षं पुरतात, भूशास्त्राच्या मानाने हे काहीच नाही.

मीरा_भूशास्त्र
अजून एक, घुसलेला मॅग्मा म्हणजे सोन्याचा स्रोतच असं समजू नका. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीचं सोनं मोठ्या प्रमाणात एका डोलेराइटमध्ये (मॅग्मा थंड होऊन बनलेल्या काळसर खडकात) आहे, सुमारे 268 कोटी वर्षांपूर्वी घुसलेल्या, पण सोनं त्यातून निघालेलं नाही. तो कधीच थंड होऊन घट्ट झाल्यावर बाहेरून गरम पाणी आलं, डोलेराइटमधल्या लोखंडाने पाण्यातलं गंधक घेतलं, पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) बनलं आणि सोनं तिथेच अडकलं. म्हणून मी तरी दोन प्रश्न वेगळे ठेवते, सोनं आलं कुठून आणि थांबलं कशामुळे.