"शंभर टक्के गोपनीय" हे आश्वासन देऊच नका

नोंदवही:
"मदतकेंद्रात सांगितलेलं त्या खोलीतच राहिलं पाहिजे. पुढे कळवणारी संस्था विश्वासघातकी." कालच्या धाग्यातलं हे वाक्य, आणि त्याला चार +१. प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा काढतोय.

मर्यादा पहिल्या मिनिटात सांगायची असते : "तुमचं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका वाटला किंवा लहान मुलाला त्रास होत असेल, तर मला आमच्या सेफगार्डिंग अधिकाऱ्याला (संस्थेत अशा तक्रारी बघणाऱ्या माणसाला) सांगावं लागेल." समोरच्याने सगळं ओकल्यावर हे ऐकवलं, तर तो पुन्हा पायरी चढत नाही. विश्वासघात तिथे होतो.

मग ऐकायचं. "त्याने हात लावला ना?" छापाचे प्रश्न नकोत, पुढे कोर्टात त्यांच्यावरच बोट ठेवून साक्ष मोडतात. जखमांचे फोटो काढायचे नाहीत, आरोप असलेल्याला जाब विचारायचा नाही. त्याच दिवशी, सांगणाऱ्याच्याच शब्दांत नोंद. वेळ, तारीख, सही. आपला अंदाज वेगळ्या ओळीत.

तिरपा:
ते वाक्य माझंच. मार खाऊन घर सोडलेली बाई "कळवू नका" म्हणाली तरी कळवणार? घर सोडल्यानंतरचे दिवसच सर्वांत धोक्याचे, आणि तुमचं टपाल तिच्या जुन्या पत्त्यावर जाणार. ही मदत की पाळत?

नोंदवही:
टपाल कुठून आलं? पहिल्याच भेटीत विचारायचं असतं : फोन कुठल्या वेळी, कुणी दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, मेसेज ठेवायचा का. प्रौढ आहे, समज शाबूत आहे, धोका फक्त तिला आहे, तर तिचा नकार सहसा मानायचा. मुलं घरात असतील, जिवावर बेतलं असेल किंवा आरोप संस्थेच्याच माणसावर असेल, तर नाही.

खडूस_काकू:
खोलीत काय बोलायचं यावर भांडताय. ऐकायला बसलेला संस्थेचा माणूस खोलीत आला कसा? पोलिसांचा दाखला घेतला की संस्था निर्धास्त. दाखल्यात जास्तीत जास्त पकडले गेलेले दिसतात.

खरा रोग म्हणजे नारळ देऊन सन्मानाने निरोप. हैतीत 2010 च्या भूकंपानंतर ऑक्सफॅम या मदतसंस्थेचं काय झालं? 2011 च्या लैंगिक गैरवर्तनाच्या चौकशीत चौघांना काढलं, तिघांनी राजीनामे दिले, त्यात तिथला प्रमुख. तो पुढे दुसऱ्या मदतसंस्थेत कामाला. जगाला कळलं 2018 च्या फेब्रुवारीत.

तिरपा:
आठवड्यातून दोन तास येणाऱ्या स्वयंसेवकाचीही कुंडली काढणार? मग खिचडी वाढायलाही कुणी येणार नाही.

खडूस_काकू:
खिचडी वाढणाऱ्याला नको, एकट्याने घरी भेट देणाऱ्याला हवीच. दोन संदर्भ, त्यातला एक शेवटच्या कामाचा. उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर नव्हे, कार्यालयाच्या नंबरावर फोन. "माणूस कसा आहे?" विचारलं की "छान" येणारच. "परत घ्याल का?" विचारा आणि किती सेकंद थांबतात ते मोजा. अर्जातली सहा महिन्यांची पोकळी तोंडावर विचारा.

तिरपा:
आणि जुन्या मालकाने ऐकीव गोष्टीवर "नाही" म्हणून टाकलं, तर बदनामीचा दावा कोण लढणार?

खडूस_काकू:
ऐकीव सांगा असं म्हटलंय कुणी? 2019 पासून मदतसंस्थांची एक योजना आहे, मिसकंडक्ट डिस्क्लोजर स्कीम. मागच्या 5 वर्षांतल्या मालकांकडे लेखी विचारणा होते : लैंगिक गैरवर्तन सिद्ध झालं होतं का? चौकशी चालू आहे का? गप्पा नाहीत. वाचून या.

आडवाटेचा:
धागा भरकटला, पण मूळ भोक कुणालाच दिसत नाही. तक्रार सेफगार्डिंग अधिकाऱ्यावरच असेल तर? फलकावर दोन नावं हवीत, दुसरं विश्वस्तांपैकी, आणि एक बाहेरचा नंबर. तक्रारपेटीची किल्ली केंद्रप्रमुखाकडे असेल तर ती पेटी शोभेची.

नोंदवही:
हे मान्य. दोन्ही नावं एकाच घरातली नकोत, हेही जोडा. छोट्या संस्थांत अध्यक्ष आणि सचिव नवरा-बायको असतात.

तिरपा:
बरं बाबांनो, पहिल्या मिनिटाचं वाक्य मान्य. पण "शंभर टक्के गोपनीय" हे दारावर मी नाही, संस्थांनीच रंगवलंय. आधी ते पुसा, मग मला शिकवा.

नोंदवही:
तेवढं बरोबर आहे तुमचं. माहितीपत्रकांवरही तेच असतं.