मदत हवी आहे: चढावर पिकअपच्या हाऊसिंगला (मागच्या धुऱ्याच्या कवचाला) पीळ बसतोय, टॉर्क रॉड (पीळ अडवणारी दांडी) लावावा का?

मंडळी, गाडी पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगची) पिकअप, ओढ मागच्या चाकांवर, सहा वर्षं झाली. काम टोमॅटोचं. शेतातून क्रेट भरायचे आणि नारायणगावच्या मार्केटला टाकायचे, तिथे भाव नसला तर माळशेज उतरून थेट वाशी. एका खेपेला साठ-पासष्ट क्रेट, म्हणजे तेराशे-चौदाशे किलो.

ओढ्यातून डांबरीवर यायला पन्नासेक फुटांचा उभा चढ आहे. तिथे पहिल्या गियरला क्लच सोडला की खालून आधी कर्रर्र, मग धाड. जमीन ओली असली तर चाक जागेवर फिरतं आणि मागची बाजू बेडकासारखी उड्या मारते. दिवाळीपासून शाफ्टचा क्रॉस (सांधा) दोनदा बदलला. मिस्त्री म्हणतो, "हल्ली क्रॉसच कच्चे येतात." दुसऱ्यांदाही तेच ऐकल्यावर म्हटलं आपणच बघू.

पुतण्याने मोबाइल चेसिसला तारेने बांधला. पुढच्या चाकांना दगड लावले. हँडब्रेक मुद्दाम ओढला नाही; मागचे ब्रेक हाऊसिंगलाच बसलेले, ते धरले तर पीळ तिथल्या तिथे जिरतो आणि दिसत काहीच नाही. क्लच अर्धा सोडला. व्हिडिओत डिफरन्शियलचं (हाऊसिंगच्या मधल्या गियरच्या डब्याचं) शाफ्टकडचं नाक चांगलं दोन बोटं वर उठलं! पाट्यांचा पुढचा अर्धा भाग फुगला, मागचा दबला, साप वळावा तसा. क्लच दाबला की सगळं धाडकन जागेवर. तोच तो आवाज.

आता कबुली. दोन वर्षांपूर्वी मागची बाजू बसायला लागली म्हणून पाटे आणि हाऊसिंगच्या मध्ये तीन इंची ठोकळे घातले, पाटे हाऊसिंगला आवळणारे यू बोल्ट लांब टाकून. आवाज तेव्हापासूनचा की आधीचा, खरंच आठवत नाही.

एक पाटा वाढवून भागेल का? रिकामी गाडी आत्ताच हाडं खिळखिळी करते. गॅरेजवाला म्हणतो, हाऊसिंगपासून चेसिसपर्यंत अँगल वेल्ड करून टाकू, विषय संपला. मन घेत नाही. कुणी असं काम केलंय का?

घाटवाट:
अँगल वेल्ड करू नका, हात जोडतो. लोड पडला की पाटा सरळ होतो, म्हणजे त्याची लांबी वाढते आणि धुरा थोडा मागे सरकतो. दोन्ही टोकं जखडलेला अँगल त्याला सरकू देणार नाही. मग एक तर अँगल वाकेल, नाहीतर हाऊसिंगला चीर जाईल, आणि तेल गळायला लागेपर्यंत कळणारही नाही.

पीळ किती असतो बघा. अंदाजाने धरू: इंजिन 200 न्यूटन मीटर, पहिला गियर 4 पट, डिफरन्शियल 4 पट. चाकांशी झाले 3200. चाकं पुढे फिरतात तेव्हा तेवढाच उलटा पीळ हाऊसिंगला बसतो, आणि तो अडवायला पाट्यांशिवाय कोणी नाही. टायर सुटला की पाटे उलगडतात, टायर पुन्हा धरतो, पुन्हा पीळ. तुमचा बेडूक तो हाच.

ठोकळ्यांनी भर घातली आहेच. जमिनीपासून पाट्यापर्यंत समजा 17 इंच होते, त्याचे 20 झाले. तरफ लांबली. शिवाय बोल्ट जितका लांब तितका तो ताणतो. आधी ठोकळे काढा. उंची हवी तर बसलेल्या पाट्यांना नव्याने कमान देऊन घ्या. यू बोल्ट नवे घ्या, जुने परत आवळू नका, आणि दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर लोड असताना पुन्हा पाना लावा. पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागाला पट्टीचे क्लॅम्प मारा, मागचा अर्धा मोकळा सोडा: पीळ पुढे अडतो, खड्ड्यातला मऊपणा बराचसा राहतो. पूर्ण पाटा वाढवण्यापेक्षा पुढच्या बाजूचा अर्धा पाटा घातलेला बरा. पाट्याला मात्र वेल्डिंगचं टोकसुद्धा लावू द्यायचं नाही. ताव उतरला की तिथेच तुटतो.

एवढं करून राहिलं तर रॉड.

दहाचाकी:
आमच्या ट्रकच्या मागच्या बोगीला (जोड धुऱ्यांना) टॉर्क रॉड कंपनीकडूनच येतात. तिथे पाट्यांची टोकं नुसती टेकलेली असतात, पीळ धरणार कोण? म्हणून रॉड, रबर बुशसकट.

घाटवाट:
बरोबर, पण पिकअपला एकच दांडी पुरते. हाऊसिंगवर वर आणि खाली असे दोन जोड, पुढे निमुळती होत आलेली, आणि पुढचं टोक चेसिसला उभ्या शॅकलवर (झुलत्या कडीवर) टांगलेलं. खरी मेख शॅकलमध्ये आहे: पुढेमागे झुलू देते, वर उठू देत नाही. दांडी लांब घ्या. एक मीटरची असेल तर वरच्या हिशोबाने टोकाला सव्वातीनशे किलोचा रेटा येतो, अर्ध्या मीटरची घेतली तर साडेसहाशे. तो चेसिसच्या आडव्या मेंबरवर (तुळईवर) घ्या आणि बोल्टने बसवा.

मूळ प्रश्नकर्ता:
दादा, चार दिवसांनी लिहितोय. ठोकळे काढले. डाव्या बाजूच्या यू बोल्टचे दोन नट हाताने फिरले, पाना लागलाच नाही. बोल्टची आटी मध्येच बारीक झाली होती. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्टही अर्धा झिजलेला. पाटे कमान द्यायला टाकले होते, काल बसवले, पुढे दोन-दोन क्लॅम्प मारले.

परत दगड लावून व्हिडिओ काढला. नाक अजून उठतं, पण बोटभरच. काल बासष्ट क्रेट घेऊन ओढ्यातून वर आलो. कर्रर्र गेलं, धाड एकदाच आणि हलकं. रात्री पाऊस झाला तर उद्या खरी परीक्षा.

दांडीचं माप घेतलं, 95 सेंटीमीटर बसते. फक्त सायलेन्सरचा पाइप आडवा येतो. तो वळवून घ्यावा की दांडी एका बाजूला सरकवून चालेल?