इंटरव्ह्यूत भलतंच काही विचारलं किंवा करायला लावलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

माझ्या भाचीचं यंदा कलाभवनातून (एम. एस. युनिव्हर्सिटीचं इंजिनिअरिंग कॉलेज) इंजिनिअरिंग झालं, आता नोकरी शोधतेय. परवा एका ठिकाणी तिला केबिनमध्ये बसवलं आणि समोरचे साहेब काही न बोलता मोबाईलच बघत राहिले, बऱ्याच वेळाने एकदम "एवढ्या घाबरलात कशाला?" पोरगी रडवेली होऊन घरी आली. याला म्हणे स्ट्रेस इंटरव्ह्यू म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही, पण पोरांना तोंड द्यावंच लागतंय ना. तर बडोद्यातल्या आपल्या लोकांनी अनुभव लिहा, आणि त्या वेळी नेमकं काय बोललात तेही लिहा, तिला तेच कामाला येईल.

*

मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे इथली औद्योगिक वसाहत. मी थिअरी घोकून गेलेलो, शेठनी फाइल उघडलीच नाही, सरळ मशीनपाशी नेलं, हातात लेथवर टर्न केलेला जॉब (गोल तुकडा) आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायची जबड्यांची पट्टी) दिला, म्हणाले ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, सांग. मी आधी जबडे पुसले, बंद करून उजेडात धरले तर शून्यावर शून्य बसतच नव्हतं, सरकत्या पट्टीचा शून्य थोडा पुढे, ०.०६ मिमी. म्हटलं शेठ, याला झिरो एरर आहे, जे रीडिंग येईल त्यातून एवढं वजा करावं लागेल. तो व्हर्निअर त्यांनी मुद्दामच दिलेला. मला असा इंटरव्ह्यू शंभर टक्के मान्य आहे, जे काम रोज करायचं तेच करून बघा म्हणतात, त्यात अपमान कसला.

*

मला विचारलं लग्न कधी करणार, मग मूल कधी, सासरचे उशिरापर्यंत थांबू देतील का. पुरुष उमेदवाराला विचारतात का हे कोणी? २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा कायद्यातच आहे, म्हणून काही मालक आधीच चाचपून बघतात. मी शांतपणे गुजरातीतच म्हटलं, सर, शिफ्टच्या वेळा सांगा, जमेल की नाही ते मी आत्ताच सांगते. ते तरी परत लग्नावरच आले, तेव्हा नमस्कार करून उठले. घरी आईला आधी वाईट वाटलं, पण बाबा म्हणाले बरं केलंस.

*

फाइन आर्ट्सवाल्यांनो, "टेस्ट"च्या नावाखाली अख्ख्या नवरात्रीच्या कॅम्पेनचं काम फुकट मागतात, सावध राहा. मला लोगो, बॅनर, सोशल मीडियाच्या पोस्टी, सगळं ओपन फाइलमध्ये, म्हणजे त्यांना पुढे हवं तसं बदलता येईल असं, हवं होतं. मी एकच बॅनर केला, लो रेझोल्यूशन, वर आडवा वॉटरमार्क, आणि मेलमध्ये लिहिलं की बाकीचं काम पैसे ठरल्यावर देईन. उत्तर आलं नाही. चांगल्या स्टुडिओत तासाभराचं काम समोर बसवून करून घेतात आणि पोर्टफोलिओवर बोलतात, तोही अनुभव आहे मला.

*

ताई, मी वाघोडियाला एचआरमध्ये आहे, रोज इंटरव्ह्यू घेते. समोरचा गप्प बसला तर "सर, मी सुरुवात करू की थोडं थांबू?" एवढं विचारायला काही हरकत नाही, त्यात उद्धटपणा नाही. आणि भाचीला सांगा, काम काय, कोणाच्या हाताखाली, आधीचा माणूस का गेला हे तिनेही विचारायचं. या प्रश्नाला जे चिडतात तिथे नंतर रोजच चिडचिड असते, मी बघितलंय.

*

एक राहिलंच. इंटरव्ह्यू फोनवर दहा मिनिटांत उरकून लगेच ऑफर लेटर, आणि मग लॅपटॉपचं किंवा ट्रेनिंगचं "रिफंडेबल" डिपॉझिट भरा म्हणतात, माझ्या धाकट्या भावाला असाच फोन आला होता. कंपनीचं नाव मोठं, मेल आयडी मात्र साधा जीमेलचा. त्याने कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन लावून विचारलं, तर अशी भरतीच नव्हती. कोणी पैसे भरून बसलं असेल तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. ओरिजनल मार्कशीटही कोणाच्या ताब्यात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या, झेरॉक्स द्या.