जुनी ओल घेणाऱ्याला सांगायची की नाही?

वरचा मजला: डोंबिवलीतला आमचा वन बीएचके विकायला काढलाय. चौथा मजला, वर थेट गच्ची. २०१९च्या पावसात बेडरूमच्या छताला ओल आली. आधी पिवळा डाग, मग पोपडे, ऑगस्टमध्ये पंख्याच्या हुकावरून थेंब. २०२१ साली सोसायटीने गच्चीवरचा जुना कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, फोडून नवा घातला. त्यानंतर छत एकदाही ओलं झालेलं नाही. एजंट म्हणतो, "ताई, विषयच काढू नका. रंग मारून घ्या, घेणारा बघून घेईल." मला हे पटत नाही. समोरचा आयुष्यभराची बचत ओतणार, त्याला हे कळायला हवं. घरात मात्र यावरून दोन तट पडलेत.

सातबारा: मी एजंटच्या बाजूने. दुरुस्त झालेला दोष हा दोष राहत नाही. तुम्ही सगळं नीट सांगाल, पण समोरच्याच्या कानात 'ओल' एवढाच शब्द राहील आणि तो लाख-दोन लाख पाडून मागेल. शेजारच्या विंगमधला गप्प राहून पूर्ण भाव घेईल. शिवाय गच्चीची गळती उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, सोसायटीच्याच खर्चाने दुरुस्त होते. तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीचा भुर्दंड तुम्ही का भरायचा?

नवी भिंत: आम्ही मार्चमध्ये पुण्यात रीसेल फ्लॅट घेतला. भिंती ताज्या रंगवलेल्या, हॉलला नवंकोरं फॉल्स सीलिंग. जुलैत त्याला फुगा आला. काढून बघितलं तर स्लॅबच्या सळ्या गंजून उघड्या पडलेल्या. शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या, "आधीचे लोक दर पावसाळ्यात तिथे बादली लावायचे." त्याच सीलिंगखाली बसवून त्या गृहस्थांनी आम्हाला चहा पाजला होता. आज आम्ही हप्ताही भरतोय आणि बादलीही लावतोय.

सातबारा: तुमच्या बाबतीत सरळ फसवणूक झाली, ते मी मान्य करतो. पण ताईंचं छत कोरडं आहे. गळती झाकणारा आणि गळती दुरुस्त करून घेणारा, दोघांना एकाच मापाने मोजू नका.

साठेखत: कायद्याचं बघा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, उलट करार नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं कपट ठरतं. आता मार्चमध्ये, रंगवलेल्या छताखाली उभं राहून ओल कुणाला सापडेल? पक्की दुरुस्त झालेली गळती 'महत्त्वाचा दोष' ठरते का, यावर वाद होऊ शकतो, तिथे सातबारांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण तो वाद कोर्टात घालण्यापेक्षा विसार घेण्याआधी बोललेलं बरं.

कोबा: वॉटरप्रूफिंगची कामं करतो म्हणून लिहितो. कोबा कायमचा नसतो. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यात तडा जातो, नाहीतर पावसाच्या पाइपचं तोंड पालापाचोळ्याने तुंबून पाणी साचतं. सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी डिश किंवा सोलरच्या स्टँडसाठी कोब्यात ड्रिल मारतो. खाली राहणाऱ्याला जुनी गळती माहीत असेल तर तो मे महिन्यात वर जाऊन बघेल, ड्रिलवाल्याला अडवेल. माहीत नसेल तर त्याला स्लॅब ठिबकल्यावरच कळणार. गप्प राहून तुम्ही त्याची ही सावध व्हायची संधी काढून घेता. मला पैशाच्या हिशोबापेक्षा हे जास्त लागतं.

सातबारा: हा मुद्दा मी धरला नव्हता. तरी सांगायचंच असेल तर नुसतं तोंडी नको. दुरुस्तीचे कागद समोर ठेवा, म्हणजे भीती थोडी कमी होईल. भाव पडणार हे मात्र मी अजूनही म्हणतो.

वरचा मजला: पडला. काल एक जोडपं आलं होतं. २०१९चे फोटो आणि सोसायटीकडून मागून घेतलेली कामाच्या बिलाची प्रत, दोन्ही टेबलावर ठेवलं. त्यांनी दीड लाख कमी मागितले, मी पन्नास हजारांपर्यंत आले. एजंट नाराज आहे. छताला रंग मारलेला नाही, मारणारही नाही. पहिला मोठा पाऊस पडला की ते दोघं पुन्हा छत बघायला येणार आहेत.