विषय: बचत गटांसाठी ॲप – आधी रजिस्टर बघूया

प्रेषक: कार्यवाह, परदेशातलं मराठी मंडळ

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवातली देणगीपेटी आणि दिवाळी मेळाव्याची तिकिटं मिळून यंदाचा निधी ठरल्यापेक्षा जास्त जमला, याबद्दल सर्वांचे आभार. हा निधी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा आणि झरी-जामणी भागात महिला बचत गटांचं काम करणाऱ्या संस्थेला द्यायचं समितीने ठरवलं आहे. आपल्यातले चौघे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. शनिवार-रविवार बसून संस्थेला एक ॲप बनवून द्यायला ते तयार आहेत. शेजारच्या चार लहान संस्थांनाही ते वापरता यावं म्हणून सगळी रक्कम या एकाच संस्थेकडे पाठवावी आणि तिने पुढे वाटावी, अशीही सूचना आहे. संस्थेच्या ताई या ईमेल यादीवर आहेत. ताई, मोकळेपणाने लिहा.

– कार्यवाह

प्रेषक: ताई, पांढरकवडा

दादा आणि सर्व मंडळींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. सध्या कापूस वेचणी सुरू आहे. बाया दिवसभर शेतात असतात, त्यामुळे गटांच्या बैठका रात्री नऊनंतर होतात आणि घरी यायला बारा वाजतात.

आधी पैशाचं सांगते, कारण त्यात चूक झाली तर संस्थेची नोंदणीच जाऊ शकते. मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, म्हणून ही रक्कम परदेशी देणगी धरली जाते. ती दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, खात्यातच यावी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती आम्हाला दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिची स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही त्याच वेळी 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. म्हणून वाटपाची सूचना कृपा करून सोडून द्या. लहान संस्थांसाठी मनात असेल तर एक रस्ता आहे. तुमच्यापैकी ज्यांचं नागरिकत्व अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, मात्र धरतात.

आता ॲपचं. चार वर्षांपूर्वी एका कंपनीने सामाजिक निधीतून आम्हाला एक ॲप करून दिलं होतं. माणसं चांगली होती, दोनदा गावात येऊनही गेली. पण त्यांनी आमचं रजिस्टर बघितलं ते वरवर. गटाच्या रजिस्टरमध्ये पट्टीने आखलेले रकाने असतात: नाव, बचत, कर्ज, व्याज, परतफेड आणि शेवटी शेरा. ॲपमध्ये पहिले पाच होते. शेरा नव्हता.

आमचा सगळा गट त्या शेऱ्यावर चालतो. ‘बैल मेला, दोन हप्ते पुढे.’ ‘सून बाळंतपणाला आली, या महिन्यात अर्धे.’ ‘तूर विकली की देईल, सगळ्यांना मान्य.’ हे गटाने बसून घेतलेले निर्णय आहेत. ॲपला ते कळायला जागाच नव्हती. हप्ता आला नाही की नाव लाल व्हायचं आणि खाली ‘थकबाकीदार’ असं यायचं. एका बैठकीत कार्यकर्तीने फोन सगळ्यांना दिसेल असा धरला आणि एका बाईने स्वतःचं नाव लाल पाहिलं. तिला दोन महिन्यांची सूट गटानेच दिली होती. ती एवढंच म्हणाली, “माया नावाची बदनामी या फोनात कायले लिवली?” पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. मी घरी गेले तेव्हा माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून ती चुलीपाशी जाऊन बसली.

दुसरा त्रास ओटीपीचा. प्रत्येक सदस्याला वेगळा मोबाइल नंबर हवाच, असा नियम होता. घरातला एकमेव फोन नवऱ्याच्या खिशात आणि तो शेतात. शेवटी आमच्या कार्यकर्तीने अकरा जणींच्या नावापुढे घरच्यांचे, शेजाऱ्यांचे मिळतील ते नंबर घातले. जन्मतारीखही सक्तीची होती. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) म्हाताऱ्या बायांना ती कुठून माहीत असणार? बहुतेकींची 1 जानेवारी लागली. मग त्याच माहितीवरून वयोगटाचा तक्ता निघाला आणि तो अहवालात गेला. मी त्यावर सही केली, याची मला आजही बोचणी आहे.

कंपनीचा प्रकल्प तीन वर्षांचा होता. तो संपल्यावर सर्व्हर बंद झाला. आमच्या नोंदी मागितल्या तर त्या पीडीएफमध्ये मिळाल्या. ऑफिसमधल्या दोन मुली सात आठवडे त्या एक्सेलमध्ये पुन्हा टाइप करत बसल्या होत्या.

आज आम्ही हिशेब टॅलीमध्ये ठेवतो. तो सगळ्यात चांगला आहे म्हणून नव्हे. आमच्या सीएला तो येतो, आणि अकाउंटंट मुलगी लग्न होऊन गेली तर टॅली येणारी दुसरी पांढरकवड्यातच मिळते. देणगीदारांची नावं, पत्ते आणि पॅन दरवर्षी 31 मेच्या आत आयकर खात्याच्या 10बीडी फॉर्ममध्ये भरावे लागतात, ते काम त्यामुळे सोपं झालं. घरोघरच्या पाहणीसाठी कोबो हे फॉर्म भरायचं ॲप वापरतो. फॉर्म मराठीत करता येतो, पोडावर रेंज नसली तरी भरता येतो, रस्त्याला लागलं की माहिती वर जाते आणि हवी तेव्हा एक्सेलमध्ये बाहेर काढता येते. हे शेवटचं मी आता सगळ्यात आधी विचारते. आमचं आम्हाला परत घेऊन जाता येईल का?

तुमच्या चौघांचा वेळ फार मोलाचा आहे, तो नाकारायचा नाही. आमच्याकडे जुन्या सदस्य याद्या कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या आणि रफार जागा सोडतात आणि आडनावं बदलून जातात. हे काम कोणी नीट करून दिलं तर आम्ही जन्मभर आठवण ठेवू.

– ताई

प्रेषक: सदस्य (सॉफ्टवेअर गट)

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आम्ही चौघांनी कॉलवर मोठ्याने वाचलं. स्वतःचं ॲप बनवण्याचा विचार आम्ही मागे घेतो. ॲप बनवणं हे एकदाचं काम नसतं. गुगल प्ले दरवर्षी नव्या अँड्रॉइडप्रमाणे ॲप अद्ययावत करायला लावतं. तीन वर्षांनी आमच्यापैकी कोण कुठे असेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही.

यादीवर काहींनी सॉफ्टवेअरच्या फुकट परवान्यांचं सुचवलं होतं, त्याबद्दलही लिहितो. सेल्सफोर्स ही कंपनी संस्थांना माहिती सांभाळायच्या सॉफ्टवेअरचे 10 परवाने मोफत देते, हे खरं. पण ते संस्थेच्या कामाप्रमाणे लावून देणारा आणि सांभाळणारा माणूस लागतो आणि त्याचा पगार परवान्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. मायक्रोसॉफ्टने संस्थांना मिळणारे ऑफिस सॉफ्टवेअरच्या बिझनेस प्रीमियमचे मोफत परवाने 2025 मध्ये बंद केले, साधे बेसिक तेवढे ठेवले. ज्यांचं सगळं ऑफिस त्यावर होतं त्यांना धावपळ करावी लागली. ‘अवनी’ हे भारतातच तयार झालेलं, मुक्त स्रोताचं (ओपन सोर्स), गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीचं सॉफ्टवेअर आहे. तेही एकदा बघावं.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. कागदावर इतका विश्वास ठेवू नये. रजिस्टर भिजतं, त्याला वाळवी लागते, बेरीज चुकली तर सहा महिने कोणाला कळत नाही. गटातल्या बायांचा पैसा आहे. तो सुरक्षित राहावा म्हणूनच संगणक हवा ना?

– आपला

प्रेषक: ताई, पांढरकवडा

दादा,

तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आमच्या दोन गटांची रजिस्टरं गेली. नंतर कोणाचं किती देणं हे आठवणीवर ठरवलं आणि त्यात एका विधवा बाईचं नुकसान झालं, अशी माझी खात्री आहे. व्याज काढायलाही बैठकीचा अर्धा वेळ जातो. सचिव बाई दिव्याखाली कॅल्क्युलेटर घेऊन बसते, बाकीच्या पेंगतात. आकडे फोनवर यावेत असं मलाही वाटतं.

परवा एक करून पाहिलं. कोबोमध्ये आवाज रेकॉर्ड करायचा प्रश्न टाकता येतो. मी पाच रकान्यांच्या खाली सहावा प्रश्न टाकला, ‘शेरा – बोला’. त्याच सचिव बाईने फोन तोंडाशी धरला, आधी थोडी लाजली आणि मग तिने एका सुरात सांगून टाकलं की कोणाला का सूट दिली आणि कोणी हो म्हटलं. लिहायला तिला दहा मिनिटं लागायची. कोलामीत बोललेलंही तसंच्या तसं राहतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फोनवरचं मराठी बोलून टायपिंग आमच्या वऱ्हाडीला अडखळतं, कोलामीचं तर विचारायलाच नको.

निधीतून आम्हाला दोन साधे फोन, एक पॉवर बँक आणि एका मुलीचं दोन वर्षांचं मानधन हवं आहे. तिने महिन्यातून एकदा प्रत्येक गटात बसून रजिस्टर आणि फोन ताडून बघायचं. सुरुवात फक्त तीन गटांत, तूर निघेपर्यंत. रजिस्टर बंद करणार नाही. हे मानधन कोणत्या खर्चात धरायचं ते सीएला विचारून कळवते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर मागे बसलेल्या एका बाईने विचारलं, “आमचा शेरा गावाबाहेर जाते का?” मी खरं ते सांगितलं, की जातो, आमच्या ऑफिसात आणि दूरच्या सर्व्हरवरही. त्यात कोणाचं आजारपण असतं, कोणाच्या नवऱ्याची दारू असते. 2023 चा विदा (डेटा) संरक्षण कायदा संमती घ्या म्हणतो, पण अंगठा घेतला म्हणजे तिला समजलं असं मला वाटत नाही. बायांनी विचार करायला वेळ मागितला आहे. आकडे वर पाठवायचे आणि आवाज गटाच्याच फोनमध्ये ठेवायचा, असं काही जमतं का, ते तुम्ही चौघे बघाल का? गुरुवारी रात्री पुन्हा बैठक आहे. तोवर कळलं तर मी त्यांना नीट सांगू शकेन.

– ताई