विषय: नायसिया, काश्मीर आणि मार्कचा शेवट

न्यू जर्सीहून, मंडळाच्या यादीवर:

जय ख्रिस्त काका,
थोरल्याने परवा एक व्हिडिओ दाखवला. येशू क्रुसावर मेलाच नाही, काश्मिरात आला, श्रीनगरात त्याची कबर आहे, आणि बायबलात कुठली पुस्तकं ठेवायची ते रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांच्या नायसिया इथल्या सभेत मतं घेऊन ठरवलं, असं सगळं त्यात. संडे स्कूलमध्ये त्याने विचारलं तर "असे प्रश्न सैतान घालतो" म्हणून गप्प बसवलं. आता उपासनेला यायचंच नाही म्हणतो. मी काय सांगू त्याला?

नागपूरहून उत्तर:

बेटा, जय ख्रिस्त.
आधी पोराची पाठ थोपट. प्रश्न घेऊन तो आपल्या माणसांकडे गेला, ही केवढी मोठी गोष्ट!

नायसियाची सभा ३२५ साली झाली. मुख्य वाद होता पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, देवत्वाबद्दल, एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणुकीवरून. त्या सभेचे २० नियम आजही वाचायला मिळतात, त्यांत बायबलच्या पुस्तकांची यादी नाही. आपल्या नव्या करारातली नेमकी २७ पुस्तकं पहिल्यांदा एकत्र दिसतात ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात. आणि येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार, चारच, हे आयरेनियस नावाचा बिशप नायसियाच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी लिहून गेला होता. मतदानाची गोष्ट घरोघर पोचली ती 'द दा विंची कोड'मुळे. २००३ ची कादंबरी, २००६ चा सिनेमा. आपल्या देशात तेव्हा काही राज्यांनी तो सिनेमा अडवला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. बंदीने उत्तर मिळत नाही, उलट आपण काहीतरी लपवतोय असं पोरांना वाटतं.

काश्मीरचं तर आपल्याच देशात तपासून झालं आहे. नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये पुस्तक काढलं, की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वर्षांची पोथी सापडली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले डग्लस नावाचे प्राध्यापक स्वतः हेमिसला गेले आणि तिथल्या मुख्य लामांना विचारून आले. अशी पोथीच नाही, असं लामांनी सांगितलं. श्रीनगरच्या रोझाबलची कबर येशूची, हे मांडलं अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ती त्यांची श्रद्धा आहे, तिची टिंगल करू नये. पण घटनेनंतर अठराशे वर्षांनी पुढे आलेलं म्हणणं आणि पहिल्या शतकातली साक्ष यांचं वजन सारखं नसतं.

आता यातलं अवघड, आणि हे आपणच पोराला सांगायला हवं. चौथ्या शतकातल्या दोन जुन्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनसमध्ये, मार्कचं शुभवर्तमान १६:८ ला, म्हणजे सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला, संपतं. पुढची १२ वचनं त्यांत नाहीत. योहानातली व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्टही सर्वांत जुन्या प्रतींत नाही. आजच्या बऱ्याच आवृत्त्यांत तशी तळटीप छापलेली असते, आणि मी एवढ्या वर्षांत एकाही व्यासपीठावरून ती वाचलेली ऐकली नाही. याचं मला फार वाईट वाटतं. जे आपल्याच पुस्तकाच्या पानावर खाली छापलंय ते पोरांना मोबाइलवर "दडवलेलं सत्य" म्हणून का कळावं?

आपल्या नागपूरच्या मंडळीला तर असं घाबरणं शोभत नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले ते सुवार्ता सांगायला, आणि तेच टाकळी, कामठीकडचे जीवाश्म गोळा करत हिंडले. शास्त्र हातात आणि दगड झोळीत, दोन्ही त्यांना जमलं.

डेट्रॉइटहून:

काका, आदर ठेवून विचारतो. पोरांना तळटीपा दाखवल्या तर उद्या पुनरुत्थानही नंतर जोडलेलं म्हणतील. माझी आई "शास्त्रात लिहिलंय" एवढ्यावर जन्मभर उभी राहिली. कधी डगमगली नाही.

नागपूरहून:

भाऊ, तुझ्या आईच्या विश्वासापुढे मी हात जोडतो. पण तिला कुणी रात्री अकरा वाजता व्हिडिओ पाठवत नव्हतं.

आणि तळटीपेने जातं काय, ते तरी बघ. ती १२ वचनं बाजूला ठेव. त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात कबर रिकामी आहे आणि तो उठला असल्याचा निरोप बायकांना मिळालेला आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय १५, बहुतेक अभ्यासक मार्कच्याही आधीचं धरतात. ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला आणि कोणाकोणाला दिसला, हे सगळं पौल तिथे सांगतो, तेही स्वतःला मिळालेलं म्हणून.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. त्यांना धरून ठेवलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. तरी बाप्तिस्म्याआधी त्यांनी प्रश्नांवर प्रश्न केले, मग १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना तेव्हा कुणी गप्प बसवलं असतं तर?

शनिवारी, तुमची सकाळ आणि माझी संध्याकाळ, व्हिडिओ कॉल लावा. पोरांना पुढे बसवा, मोठ्यांनी मागे. मार्क १६ तळटीपेसकट वाचू, मग पौलाचा अध्याय. न्यू जर्सीच्या थोरल्याला सांग, तो व्हिडिओही आणायचा, थांबवत थांबवत बघू.